ऊसतोडीच्या टोळीतली १९ पोरं शाळेच्या मागंच राहतायत, वर्गात आणू कशी आणि टिकवू कशी?

कृष्णाकाठची बाई

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे, पहिली ते चौथी, पट ३४. दिवाळी झाली की दरवर्षी शाळेमागच्या पडीक रानात ऊस तोडायला आलेल्या टायरगाडीवाल्यांची, म्हणजे टायर लावलेल्या बैलगाड्यांची, टोळी उतरते. यंदा २२ खोपी पडल्यात, बहुतेक बीड जिल्ह्यातले, शिरूर कासार आणि पाटोद्याकडचे, दोनतीन घरं पाथर्डीची. शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि आमचे सर खोपी-खोपी फिरलो आणि पोरं मोजली तर ६ ते १४ वयाची १९ भरली. त्यातली चार पाचवी-सहावीची आहेत, त्यांना दीड किलोमीटरवरच्या हायस्कूलला न्यावं लागेल, पण पंधरा पोरं आमच्या शाळेच्या भिंतीला लागून राहतायत आणि आमची घंटा त्यांना रोज ऐकू येते, याची मला फार टोचणी लागलीय.

एका खोपीपुढं दहाएक वर्षांची मुलगी बसलेली. गाडीला साडीची झोळी बांधून तिच्यात दीड वर्षाचा भाऊ, एका हातानं त्याला झोका देतीय आणि दुसऱ्या हातानं चुलीत पाचट सारतीय. आईवडील पहाटे साडेतीनलाच फडात गेलेले. कितवीत गं म्हणून विचारलं तर म्हणाली, "चौथीत. पण आता नाही." वाचता येतं का बघावं तर माझ्याकडं नेमकं काही नव्हतं, मग तिनंच खोपीत खोचलेली वजनपावती काढून आणली आणि घडाघडा वाचली, भरलेली गाडी एवढी, रिकामी गाडी एवढी, निव्वळ २.३४० टन. दशांश चिन्हासकट वाचली हो! माझ्या चौथीला अजून दशांश शिकवलेला नाही.

आता माझ्या अडचणी सांगते, क्रम लावत नाही. एकाकडंही दाखला नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर नाव आमच्या शाळेकडं ओढून घेऊ का, आणि घेतलं तर त्यांच्या गावच्या शाळेचा पट कमी होईल त्याचं काय. पुस्तकं गावाकडं पेटीत राहिलीत म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोघांनी आत्ताच कुरबुर सुरू केलीय की ही पोरं चार महिने येणार, आमच्या पोरांचा अभ्यास मागं पडणार. आणि सगळ्यात मोठी अडचण ती झोळी. मोठ्या मुली सगळ्या लहान भावंडं धरून बसल्यात, आया म्हणतात बाई न्या पण बारक्याला कोण बघणार. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मला सोमवारपासून सुरुवात करायचीय.

बालाघाटचा मास्तर

मॅडम, तुम्ही खोपीपर्यंत गेलात इथंच निम्मं काम झालं. मी शिरूर कासार तालुक्यात वस्तीशाळेवर १४ वर्षं आहे, म्हणजे तुमच्याकडं उतरलेली लेकरं आमच्याच डोंगरातून निघालेली आहेत. दसरा झाला की आमचा वर्ग अर्धा होतो. हजेरी घेताना नाव पुकारतो आणि बाकीची लेकरंच सांगतात, सर तो तोडीला गेला.

आधी दाखल्याचं. दाखला मागूच नका. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही की लांबवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम १४. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या लेकरांचा प्रवेश बघणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी असं कलम ९ मध्ये वेगळं लिहिलेलं आहे. ज्यांना कुरबुर करायचीय त्यांना हे तीन आकडे कागदावर लिहून द्या, ५, ९ आणि १४.

पटाचं तुम्ही विचारलंत याबद्दल मनापासून आभार, कारण सहसा कुणी विचारत नाही. आमच्या शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे पदांच्या सरकारी मंजुरीत, पटावर ठरतात. म्हणून तिकडून कुणी नाव ओढलं की इकडं धस्स होतं, आणि मार्चमध्ये लेकरू परत आल्यावर तेच नाव पुन्हा इकडं आणायला दोन्ही मुख्याध्यापकांची फिरवाफिरवी. त्यात एखादं लेकरू दोन्हीकडून सुटतं आणि कुठल्याच शाळेचं राहत नाही. शिक्षण हमी पत्रक याचसाठी काढलेलं आहे. लेकरू गाव सोडताना गावच्या शाळेनं ते भरून द्यायचं, तुमच्या शाळेनं त्यावर बसवून घ्यायचं आणि परत निघताना हजेरी किती, शिकून कुठवर आलं ते लिहून द्यायचं. नाव गावच्या पटावरच राहतं. पण खरं सांगतो, टोळी रात्रीतून निघते. ट्रक आला की बैल, गाडी, भांडी, कोंबड्या सगळं चढवतात आणि पहाटेपर्यंत वस्ती रिकामी. आम्ही पत्रकं घेऊन सकाळी पोचलो तर कुलपं. म्हणून यंदा मी दसऱ्याच्या आधीच भरून प्रत्येकाच्या आईकडं दिलीत, उचलीचे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीचे, पैसे ज्या पिशवीत ठेवतात त्याच पिशवीत ठेवा म्हणालो. तुमच्या त्या मुलीच्या आईला विचारा पिशवीत काही कागद आहे का. नसला तर गावाचं नाव कळवा, तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक मी शोधून देतो. तुमच्यात आणि त्याच्यात एक फोन झाला ना की बाकी सगळं सोपं जातं.

आणि हंगामी वसतिगृहाचं पण सांगतो, कारण कुणीतरी म्हणेलच की गावातच का ठेवत नाही. आमच्याकडं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवतो, लेकरं आजी-आजोबांकडं राहतात, दुपारी शाळेतला आहार आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहाचं. चांगलं चाललं तर ह्याच्याइतका उत्तम उपाय नाही, लेकराची शाळा तुटतच नाही. पण एका वर्षी मंजुरी आली तोवर टोळ्या जाऊन महिना झाला होता. गेलेलं लेकरू सांगलीहून परत कोण आणणार? आणि ज्या घरात म्हातारं माणूसच नाही त्या घरातलं लेकरू जाणारच. तेव्हा दोन्ही पाहिजे, इकडं वसतिगृह आणि तिकडं तुमच्यासारखी बाई.

चिटबॉय_९ नंबर गट

मॅडम मी कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय आहे, तुमच्याच शेजारच्या जिल्ह्यात. शाळेतलं मला जास्त कळत नाही पण टोळीचं टाइमटेबल माझ्या हातात असतं म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे मुकादमाला, टोळी जमवून आणतो त्या माणसाला, भेटा. आईबापांना शंभर वेळा सांगून जे होत नाही ते मुकादमानं एकदा म्हटलं की होतं, कारण उचल त्याच्याकडून घेतलेली असते. मुकादम काही परका नसतो, त्याच्याच भावकीतली लोकं टोळीत असतात. त्याला शाळेत चहाला बोलवा, खुर्ची द्या, सन्मानानं बोला.

दुसरं, तुमच्याकडं टायरगाडीवाले आहेत हे तुमचं नशीब. गाडीवान एका तळावर बसतात, हंगामभर खोपी हलत नाहीत. ट्रॅक्टर-ट्रकवाली टोळी असते तिचं तसं नाही, तिचा ऊस संपला की पुढच्या गावाला, एका हंगामात तीन-चार गावं सुद्धा होतात. त्या पोरांना एका शाळेत घालून काय करणार, रुळायच्या आत मुक्काम हलतो. माझं म्हणणं असं की टोळी हलणार हे आम्हाला दोन-तीन दिवस आधी कळतं, कारण पुढच्या प्लॉटचा तोडणी प्रोग्राम आमच्याकडं आलेला असतो. शाळेनं चिटबॉयचा नंबर घेऊन ठेवला तर मी म्हणेन की अमुक पोरं सोमवारी तमुक गावात जातायत, तुम्ही तिथल्या मास्तरांना सांगा. पण एवढ्या वर्षांत एकाही शाळेनं आम्हाला विचारलं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय.

तिसरं, गाडी कारखान्यावर नंबरला लागली की कधी कधी रात्री अकराला खाली होते. बाप रात्री उशिरा येतो, मग जेवण, तोवर पोरं पण जागी. सकाळी पोरगं झोपलेलं दिसलं तर आळशी समजू नका, दहा वाजता बोलवा. आणि संध्याकाळी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायच्या वेळेला मोठ्या पोरांना घरचे सोडत नाहीत, तेव्हा जादा तास वगैरे ठेवायचा असेल तर दुपारीच.

पाचटातली पोर

मी हा धागा काल रात्री ड्युटीवर वाचला आणि सकाळपर्यंत डोक्यात फिरत राहिला म्हणून लिहितेय. मी स्टाफ नर्स आहे, पुण्यात. माझे आईवडील ३० वर्षं ऊसतोडीला जात होते.

मॅडम, तुम्ही झोळीचं शेवटी लिहिलंत, पण सगळं तिथंच आहे बघा. दाखला, पट, पुस्तकं हे मोठ्या माणसांचे प्रश्न झाले, टोळीतल्या आईचा प्रश्न एकच असतो की ऊस तोडताना बारकं कुठं ठेवू. फडात न्यावं तर पाचटात विंचू-साप, कोयते चालू, वर ट्रॅक्टर मागं-पुढं होतायत. मग थोरल्या मुलीला मागं ठेवतात. आम्ही तीन भावंडं, ताई, मी आणि भाऊ. भाऊ झाला त्या वर्षी ताई पाचवीत होती. आजी म्हणाली मी एकच पोर सांभाळेन, माझ्याच्यानं दोन होत नाहीत. मी धाकटी म्हणून मला आजीकडं ठेवलं आणि ताईला झोळीसाठी नेलं. मी गावात राहून शिकले, दहावी झाले, नर्सिंग केलं. ताई त्या हंगामानंतर शाळेत गेलीच नाही, पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी ती आणि तिचा नवरा एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, म्हणून फडात उभे राहिले. लोक मला म्हणतात तू जिद्दीनं शिकलीस. जिद्द ताईला पण होती, माझी पुस्तकं ती माझ्या आधी वाचून काढायची.

बालाघाटचे सर, वसतिगृहाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, पण एक सांगू का, वसतिगृहात ठेवताना घरचे निवड करतात आणि ती निवड बहुतेक वेळा मुलाच्या बाजूनं होते, किंवा धाकट्याच्या. थोरली मुलगी कामाची म्हणून तिला नेतात. आणि जरा मोठी झाली की मागं ठेवायलाही घाबरतात, एकटी पोरगी गावात नको म्हणतात, मग एक तर बरोबर नेतात नाहीतर लग्न उरकतात. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, बीड जिल्ह्यात १८ च्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या वर आलंय. यामागं हे पण एक कारण आहे हे मी घरात बघितलंय.

आता काय करता येईल ते. माझ्या लहानपणी एक वर्ष मी पण गेले होते, आजी आजारी होती म्हणून, तेव्हा कारखान्याच्या गाडीतळावर साखरशाळा होती. पत्र्याची शेड, खाली सतरंजी, एक ताई शिकवायच्या. शिक्षणहक्क कायदा आल्यावर मुलांनी नेहमीच्या शाळेतच बसावं म्हणून त्या बंद होत गेल्या, आणि ते बरोबरच आहे, शेडपेक्षा शाळा चांगलीच. पण त्या शेडमध्ये एक गोष्ट होती जी तुमच्या शाळेत नाही. तिथं कडेवर बारकं घेऊन आलेलं चालायचं. माझी ताई भावाला मांडीवर झोपवून पाढे म्हणायची. त्या सहा महिन्यांत तिनं जेवढं शिकून घेतलं तेवढ्यावर ती आजही मुकादमाचा हिशोब तपासते.

तर माझी विनंती अशी की सोमवारी त्या मुलीला सांगा, बारक्याला घेऊन ये. मागच्या कोपऱ्यात सतरंजी टाका. रडेल, मध्येच उठावं लागेल, वर्गाला त्रास होईल, होऊ द्या. ती आत आली की पुढचं बघता येतं. प्रत्येक टोळीत एखादी म्हातारी असते जिच्यानं आता तोड होत नाही, ती खोपी राखायला आलेली असते. तिला शाळेच्या व्हरांड्यात बसवा, चार-पाच बारकी तिच्यासमोर. तीन वर्षांच्या पुढची असतील त्यांना अंगणवाडीत बसवता येतं, आणि त्याहून लहानांना पण अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो, स्थलांतरित असले तरी. अंगणवाडीताईंना आजच भेटा.

आणि ती वजनपावती वाचणारी मुलगी चौथीत आहे ना, तिला पहिल्या बाकावर बसवा.

कृष्णाकाठची बाई

पाचटातली पोर, तुमचं लिहिलेलं मी आमच्या सरांना वाचून दाखवलं, दोघंही बराच वेळ गप्प होतो. सतरंजी काढून ठेवलीय. मास्तर, पिशवीचं खरं निघालं, चौघींच्या पिशवीत हमी पत्रकं आहेत! घडी घालून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. एका आईला तर ते कशाचं आहे हेच माहीत नव्हतं, पण "मास्तरनी दिलंय, हरवायचं नाही" म्हणून जपून ठेवलेलं. बाकीच्यांची गावं तुम्हाला मेसेज केलीत. समितीचं काय करू ते मात्र अजून सांगा कुणीतरी.

शिरोळकर_पालक

समितीचं मी सांगतो, मी शिरोळ तालुक्यात दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो आणि कुरबुर करणाऱ्यात पहिल्यांदा मीच होतो. माझा मुलगा दुसरीत, आणि आमचा आक्षेप काय होता तर स्वच्छता, डोक्यात उवा, शिव्या, आणि बाईंचं लक्ष विभागणार. आमच्या बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी समितीची बैठक शाळेत न घेता खोपीत घेतली, संध्याकाळी सहा वाजता. आम्ही सगळे बागायतदार, आमचाच ऊस ही माणसं तोडतात, आमच्या बांधावर राहतात, पण त्यांच्या खोपीत वाकून आत जायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. पाणी अर्धा किलोमीटरवरनं आणत होते, अंघोळीला आडोसा नाही. पोरं अस्वच्छ का ते बघितल्यावर मग तोंड उघडायला जागाच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मोटरीवरनं पाईप टाकून दिला.

बसवताना मात्र एक काळजी घ्या, त्या पोरांची वेगळी रांग करू नका. पहिल्या वर्षी आमच्याकडं तशी झाली होती, कुणी मुद्दाम केली नाही पण झाली, आणि आठ दिवसात गळती लागली. मग बाईंनी जोड्या लावल्या, एक गावातलं एक टोळीतलं. माझ्या मुलाची जोडी ज्याच्याशी लागली तो बैलांबद्दल एवढं सांगायचा की आमचं पोरगं घरी येऊन मला विचारायचं, पप्पा आपल्याकडं बैल का नाहीत. अभ्यास मागं पडला का? नाही पडला. उलट मराठी वाचनात तो पोरगा माझ्या मुलाच्या पुढं होता.

भाषेवरनं मात्र चिडवाचिडवी होते, ती पोरं 'व्हतं', 'हाव', 'लई' अशी बोलतात आणि आपली पोरं हसतात, जशी काय आपण सांगलीकोल्हापूरकडं पुस्तकातलंच बोलतो. बंजारा तांड्यावरची पोरं असतील तर घरी त्यांची गोरमाटी बोली बोलतात, त्यांना पहिलीत आपलं मराठी पण नवंच असतं. तिथं बाईंनी पहिल्या दिवशीच थांबवायला पाहिजे.

साईटवरची शाळा

मी पुण्यात बांधकाम साईटवरच्या मुलांसोबत सहा वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करतेय. ऊसतोडीचं जग वेगळं आहे, तिथं निदान हंगाम ठरलेला असतो, आमच्याकडं स्लॅब टाकून झाला की कुटुंब कुठं जाईल ते त्यांनाच माहीत नसतं. लेबर कॅम्पात मराठवाड्यातली, कलबुर्गी-यादगीरकडची, बिहार-छत्तीसगडची मुलं एकाच ओळीत राहतात. पुण्यात डोअर स्टेप स्कूल ही संस्था कित्येक वर्षं साईटवर जाऊन हेच काम करतेय, आणि ठाणे-वसईकडं वीटभट्ट्यांवर विधायक संसदेनं भोंगाशाळा चालवल्या होत्या, भोंगा म्हणजे भट्टीवरची खोपच. सांगायचा मुद्दा हा की ही वाट आधी लोकांनी चाललेली आहे, तुम्ही एकट्या नाही.

आमचा अनुभव एवढाच सांगते की नाव घातल्यावर काम संपत नाही. पहिले पंधरा दिवस कुणीतरी सकाळी कॅम्पात जाऊन हाताला धरून मुलांना आणावं लागतं. सोळाव्या दिवशी ती आपापली येतात. मध्ये दोन दिवस कुणी गेलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. तुमची शाळा तर भिंतीला लागून आहे म्हणता, पण ती भिंत ओलांडायलाच पोरांना धीर होत नाही. आणि हायस्कूलवाल्या त्या चार मुलांना विसरू नका, सगळ्यात आधी तीच सुटतात, कारण बारा-तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे घरच्यांच्या हिशोबात अर्धा कोयता असतो. दीड किलोमीटरसाठी कुणाची जुनी सायकल मिळते का बघा.

बालाघाटचा मास्तर

मॅडम, ११ लेकरांच्या शाळा सापडल्या, मुख्याध्यापकांना तुमचा निरोप दिला. दोघांनी पुस्तकांचे फोटो पाठवायची तयारी दाखवलीय, पण माझं ऐका, तुमच्याच केंद्रातल्या शाळांत शिल्लक पुस्तकं असतात, केंद्रप्रमुखांना विचारा. आहाराची नोंद पण आत्ताच लेखी कळवून टाका, तात्पुरती मुलं इतकी, अमुक तारखेपासून. तोंडी ठेवलं की पुढं तांदळाचा हिशोब तुमच्या अंगावर येतो.

एक विनंती आहे. लेकरू परत पाठवताना पत्रकावर फक्त "समाधानकारक" लिहू नका. माझ्याकडं दरवर्षी तेवढाच शब्द येतो. त्यावरून मला काही कळत नाही, हातचा घेऊन बेरीज जमते का, जोडाक्षर कुठं अडतं. दोन ओळी लिहा, नाहीतर व्हॉट्सअपवर वहीच्या पानाचा फोटो टाका. आमच्याकडं ती येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते, मला सुरुवात कुठून करायची ते कळलं तर लेकराचे दोन आठवडे वाचतात.

पाचटातली पोर, तुम्ही निवडीचं जे लिहिलंत ते मला लागलं. आमच्या वसतिगृहाच्या यादीत यंदा १७ मुलगे आणि ९ मुली आहेत. मी कधी असं मोजून बघितलंच नव्हतं. ज्या घरांतल्या मुली गेल्यात त्या घरांत पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी स्वतः जाणार आहे.

कृष्णाकाठची बाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, वेळच मिळाला नाही.

१५ पैकी १२ येतायत. रोज नाही, पण १० च्या खाली हजेरी गेलेली नाही. मुकादमाला चहाला बोलावलं होतं, त्याची स्वतःची नात निघाली त्या १५ मध्ये, आता तोच सकाळी हाक मारून पोरं गोळा करतो. समितीची बैठक खोपीत घेतली, शिरोळकर म्हणाले तसंच झालं, बोलायला आलेले दोघं गप्प बसले आणि ग्रामपंचायतीनं पाण्याची टाकी तळावर आणून ठेवली. हायस्कूलच्या चारातले दोघं जातायत, सायकल एकच मिळाली, डबलसीट. बाकीचे दोघं फडातच आहेत, त्यांच्यासाठी अजून काही जमलेलं नाही, प्रयत्न चालू आहेत.

व्हरांड्यात आजी बसतात. सत्तरीच्या असतील, पाच बारकी त्यांच्यासमोर, मध्येच एखादं रांगत वर्गात येतं आणि माझ्या साडीला धरून उभं राहतं. सुरुवातीला गावातली पोरं हसायची, आता कुणीतरी गुपचूप उचलून आजीकडं नेऊन ठेवतं. आजींचं दुपारचं जेवण मी आणि सर आळीपाळीनं घरून आणतो.

आणि झोळीवाली ती मुलगी. पहिले चार दिवस तिनं भावाला मांडीवरून खाली ठेवलंच नाही. पाचव्या दिवशी आजींकडं दिला, पण बाकावर अशी बसली की दारातून व्हरांडा दिसेल. मी तिची जागा तीच ठेवलीय. गेल्या सोमवारी चौथीला मी वजनपावतीवरूनच वजाबाकी घेतली, तिनं आठवड्याच्या सहा पावत्या आणल्या होत्या. फळ्यावर तिला उभी केली, भरलेल्यातून रिकामं वजा, निव्वळ किती, सहा दिवसांचे मिळून टन किती. गावातल्या एका मुलानं विचारलं, हा मधला टिंब कशाला? तर ती म्हणाली, "टिंबाच्या पुढचे किलो असतेत. ते तीन आकडे बाप रोज बघतो, चुकले तर पैसे कमी येतात." सगळ्यांनी वहीत टिंब दिला.

मास्तर, त्या पानाचा फोटो तुम्हाला पाठवलाय. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून अडीच महिने आहेत असं चिटबॉय म्हणतो. तोवर तिचा भागाकार पक्का करून पाठवते, तिच्या शाळेत कुणाला सांगून ठेवायचं तेवढं कळवा.